टाचणीबाईंच्या कुंड्या आणि समुद्र

माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली टाचणीबाई म्हणते, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणते. त्यांना त्याचा राग येत नाही. आला तरी बोलायची सोय नसते, कारण दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत त्यांच्या ओठांत टाचण्या असतात. 'हात वर करा', 'श्वास सोडा', 'पोट आत ओढून मला फसवू नका' हे सगळं त्या टाचण्यांच्या फटीतून गिऱ्हाइकाला सांगतात. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडातून टाचणी खाली पडलेली मी एकदाच पाहिली. ती का पडली, ते सांगते.

आमचं शिवणाचं दुकान घराच्या खालीच आहे. शाळेचे गणवेश, दवाखान्यातले कोट, हॉटेलच्या पोरांचे एप्रन, असलं सगळं जाडंभरडं काम आमच्याकडे येतं. मीही तिथंच मशीनवर बसते. लग्न करून आले ती नवऱ्यासाठी, राहिले ती मशीनसाठी, असं मी म्हणते आणि नवरा हसतो. हसू दे. सासूबाईंच्या हाताखाली टिकून राहायचं म्हणजे काय असतं हे त्या बापड्याला काय कळणार? शिवण एका सुतानं जरी हलली, तरी त्या काही न बोलता उसवून समोर ठेवतात. पहिल्या वर्षी मी शिवलं कमी आणि उसवलं जास्त. पण आज माझ्या हातची कॉलर बघून कुणी नाक मुरडून दाखवावं!

घर दुकानाच्या वर, आणि घराला लांबलचक गॅलरी. दारातून बाहेर पडलं की एक पायरी उतरायची, मग भिंतीला धरून सरळ चालत जायचं, आणि अगदी शेवटच्या टोकाला सासऱ्यांची वेताची खुर्ची. या गॅलरीत सासूबाईंच्या कुंड्या. आणि त्या कुंड्यांपायी आमचं घर कधी सुट्टीला गेलं नाही. विषय काढला की उत्तर ठरलेलं, "कुंड्यांना पाणी कोण घालणार? तुझा काका?"

माझा काका दुसऱ्या गावी असतो आणि त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, पण प्रत्येक वेळी तोच मधे यायचा.

शेजारच्या मास्तरीणबाई पाणी घालायला एका पायावर तयार असतात, आणि तीच तर भीती. मागे एकदा आम्ही सगळे एका लग्नाला आठवडाभर गेलो होतो, तेव्हा किल्ली त्यांच्याकडे दिली होती. बाईंनी जन्मभर पोरांना आग्रह करकरून डबा संपवायला लावलेला. त्याच आग्रहानं त्यांनी लिंबाच्या झाडाला सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी पाजलं. आम्ही आलो तर कुंडीत तळं आणि झाडाची पानं पिवळीधमक. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मला वाटलं, सुकतंय म्हणून पिवळं पडतंय, म्हणून आणखी घातलं." सासूबाईंनी किल्ली परत घेतली. त्या दिवसापासून किल्ली कुणाला दिली नाही आणि घर सोडून मुक्कामाला गेल्या नाहीत.

आता सासऱ्यांचं सांगते. ते पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवतात. हल्ली छापील पाट्यांचा सुळसुळाट झालाय, तरी ज्यांना अक्षराची चाड आहे ते अजून त्यांच्याकडेच येतात. मासळीचं दुकान असो, ट्रॅव्हल कंपनी असो की मिठाचा कारखाना, पाटीवर कोपऱ्यात समुद्र हवाच, असा त्यांचा हट्ट. लाटा, गलबत, वर दोन पक्षी. आणि या गृहस्थांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. सगळा समुद्र कॅलेंडरवरून उतरवलेला.

गेल्या वर्षी त्यांच्या पाटीवरच्या ओळीचं शेवटचं अक्षर फळीच्या बाहेर जायला लागलं. एकदा झालं, दोनदा झालं. पेंटर माणसाच्या हातून असं होत नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्यांचा मागचा पडदा झिजतोय. दिसणं कडेकडेनं मिटत मिटत आत येणार, संध्याकाळचं आधी जाणार, मग दिवसाचं. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. औषध नाही. एवढं ऐकून सासरे दवाखान्याच्या पायऱ्या उतरले, खाली येऊन दवाखान्याच्या पाटीकडे बघितलं आणि म्हणाले, "काय भिकार अक्षर आहे."

वर्ष होत आलं तेव्हा एक दिवस त्यांनी एकच गोष्ट मागितली. सासूबाईंना म्हणाले, "अगं, एकदा समुद्र बघू या. तू आणि मी. म्हणजे, ही दोघं पण येऊ देत, सामान उचलायला."

आणि सासूबाई म्हणाल्या, "कुंड्यांना पाणी कोण घालणार?"

खरं सांगते, त्या क्षणी माझं डोकंच फिरलं. नवऱ्याचे डोळे चाललेत, तो आयुष्यात पहिल्यांदा काही मागतोय, आणि या बाईला कुंड्यांची पडलीय? बरं, कुंड्या तरी धड असाव्यात! गेल्या वर्षभरात त्यांनी स्वतःच्या हातानं गॅलरीचा सत्यानाश केला होता. माझी लाडकी लाल जास्वंद त्यांनी मास्तरीणबाईंना देऊन टाकली. बोगनवेल कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला दिली. रंगीत पानांची कुंडी दवाखान्यातल्या नर्सला. आणि त्यांच्या जागी आणलं काय, तर पुदिना, गवती चहा, मास्तरीणबाईंकडचा मरवा, असला सगळा पाला. लिंबाला मात्र नवीन पालवी फुटली होती आणि खुर्चीजवळ एक मोगरा होता, म्हणून गॅलरीला गॅलरी म्हणायचं. वर नियम असा, की कुंडी तसूभरही हलवायची नाही. झाडताना मी एकदा पुदिना जरा सरकवला, तर त्यांनी खालून दुकानातून येऊन तो परत जागेवर ठेवला.

मी म्हटलं, या बाईंशी बोलून उपयोग नाही, करूनच दाखवायला हवं. नवऱ्याला सांगितलं, "तू समुद्रकाठी खोली बघ. पाण्याचं मी बघते."

युक्ती काही माझी नव्हे. भरलेलं भांडं कुंडीपेक्षा उंचावर ठेवायचं, कापडाच्या पट्टीचं एक टोक पाण्यात बुडवायचं, दुसरं कुंडीच्या मातीत खोल खोचायचं. कापड पाणी ओढत राहतं आणि माती पीत राहते. दुकानात चिंध्यांचा डोंगर पडलेला, आम्हाला काय कमी? सासूबाई माप घ्यायला दवाखान्यात गेल्या होत्या, सासरे कामावर. मी आणि नवऱ्यानं मोठं पिंप गॅलरीच्या मधोमध विटांवर ठेवलं, सगळ्या कुंड्या ओढत आणून त्याच्याभोवती गोल मांडल्या आणि पट्ट्या लावून टाकल्या. काय सुंदर दिसत होतं! मी तर स्वतःवरच खूश होऊन कमरेवर हात ठेवून उभी होते.

सासूबाई जिना चढून वर आल्या. दवाखान्यातल्या टाचण्या अजून ओठांतच होत्या. त्यांनी गॅलरीत पाऊल टाकलं आणि तोंड उघडलं, आणि सगळ्या टाचण्या फरशीवर सांडल्या.

"कुणी हलवल्या? कुणी हलवल्या गं?"

"मी हलवल्या," मी म्हटलं. मीही तयारीतच होते. "तुम्हाला पाण्याची काळजी ना? घ्या, पाणी. आता तरी बाबांना समुद्र दाखवणार की नाही? का चार पाल्याच्या कुंड्यांसाठी त्या माणसाला..."

पुढचं मला बोलता आलं नाही, कारण त्या रडत होत्या. टाचणीबाई रडत होत्या! माझा नवरा पिंपाच्या मागे लपायला जागा शोधत होता. मी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही, जवळच्या कुंडीत ओतलं, आणि मग बोलल्या.

"त्यांना दिसेनासं झालं की ते कुठे जाणार? दुकानात नाही, कामावर नाही. या गॅलरीत खुर्चीत येऊन बसणार. आणि कुणी हाताला धरून आणलेलं त्यांना चालायचं नाही, मला माहितेय ना तो माणूस. म्हणून लावलंय हे सगळं. पायरीच्या अलीकडे पुदिना, म्हणजे पाय जपून टाकायचा. पायरी उतरली की गवती चहा, जाता जाता हाताला लागतो. भिंतीला जिथे तो खांब पुढे आलाय, तिथे मरवा, म्हणजे खांद्याला लागायच्या आत बाजूला व्हायचं. मग लिंबू. आणि मोगऱ्याला फुलं नसली तरी पानांवरून हात फिरवला की कळतं, की आली खुर्ची. रोज ते कामावर गेले की मी डोळ्यांना पट्टी बांधून चालून बघते. आता कुठे मला न चुकता जमायला लागलंय. यातलं एक जरी झाड मेलं, तर नवीन लावून, वाढून, हाताशी यायला वेळ लागतो. आणि आपल्याकडे किती वेळ आहे, कुणाला ठाऊक?"

आता कळलं, माझी जास्वंद का गेली. दिसायला राणी, पण वासाच्या नावानं शून्य. मला त्या बाईंचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःचा इतका राग आला, की मी उठले आणि पुदिना उचलून पायरीपाशी ठेवायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "अजून थोडा डावीकडे." म्हणजे त्या ठीक होत्या.

"बाबांना सांगितलंय?" मी विचारलं.

"छे! वाईट वाटेल त्यांना. आंधळं होण्याची तयारी चाललीय असं वाटेल."

"बरं. मग आता माझं ऐका," मी म्हटलं. "कुंडी जागची हलणार नाही. पाणी कुंडीपाशी जाईल. पण आपण समुद्राला जायचं म्हणजे जायचं."

प्रत्येक कुंडीशेजारी एक बरणी, बरणी विटेवर, बरणीतून एक पट्टी कुंडीत. आम्ही दोघी संध्याकाळी दुकानात बसून पट्ट्या करायला लागलो. आणि इथे आम्ही जी चूक केली ती फक्त शिंपीच करू शकतात. दुसऱ्या कुणीही हाताला येईल ती चिंधी फाडली असती. आमच्यानं ते होईना. सासूबाईंनी गणवेशाचं उत्तम कापड निवडलं, निळंशार, सुरकुती न पडणारं. मी पट्ट्या एकसारख्या कापल्या. त्या म्हणाल्या, "कडा सुटतील, ओव्हरलॉक मार." मी मारला. टोकांना टीपही घातली. इतक्या देखण्या पट्ट्या झाल्या, की कुंडीत खोचण्याऐवजी मुलांच्या गळ्यात बांधाव्यात.

जाण्याआधी रंगीत तालीम केली. बरण्या भरल्या, झारीला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि थांबलो. पुढचे दोन-तीन दिवस सासूबाईंचा जीव टांगणीला. शेवटी बघितलं तर बरण्या काठोकाठ भरलेल्या आणि माती कोरडी ठणठणीत. सासूबाईंनी एक पट्टी उचलली, तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब कापडावर मोत्यासारखा बसून राहिला, आत जायचं नावच घेईना. पोरांनी अंगावर काहीही सांडलं तरी डाग पडू नये म्हणून तर आम्ही ते कापड वापरतो! वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला हेच कौतुकानं सांगत आलो, आणि कुंडीला लावताना दोघींच्याही डोक्यात उजेड पडला नाही. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

मग त्या कपाटाकडे गेल्या आणि धुऊन धुऊन विरलेलं सगळं सुती कापड बाहेर काढलं. जुन्या उशांचे अभ्रे, एक चादर, आणि सासऱ्यांचा घरात घालायचा पांढरा शर्ट, जो इतका मऊ झाला होता की वाळत घातला तर आरपार दिसायचं. या वेळी ना कात्री, ना ओव्हरलॉक. टर्रकन फाडलं, पीळ दिला आणि लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरण्यांतलं पाणी बोटभर खाली गेलेलं आणि माती ओलसर. सासूबाईंनी प्रत्येक कुंडीत बोट घालून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "काढ तिकिटं," त्या म्हणाल्या.

निघायच्या दिवशी सासरे सगळं घर धुंडाळत होते. "अगं, माझा पांढरा शर्ट कुठाय?"

"मोगऱ्याला लावलाय," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी पुढे काही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं, हे त्यांना कळतं.

समुद्र मोठा होता. याहून जास्त काय सांगू? मी पण पहिल्यांदाच बघत होते. पहिला दिवसभर सासूबाई समुद्राकडे बघून म्हणत होत्या, "एवढं पाणी, आणि तिकडे बरणीत असेल का?" मी म्हटलं, "आई, आता एकदा जरी बरणी म्हणालात तर तुम्हाला लाटेत ढकलीन." नंतर मात्र त्यांनी चपला काढल्या, पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या आणि बरणी विसरल्या.

सासऱ्यांना सगळा समुद्र एकदम मावत नव्हता. ते मान फिरवत तुकड्या-तुकड्यानं बघत होते, पाटी रंगवताना एकेक अक्षर घेतात तसं. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "रंग चुकवला मी. आयुष्यभर जास्त निळा काढला." मग लाटांवरून नजर काढून वाळूत बसले आणि पाण्यात उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बघत राहिले. उन्हं उतरेपर्यंत बघत राहिले.

मी चिडवलं, "बाबा, समुद्र बघायला आणलंय तुम्हाला. बघताय कुणाला?"

"समुद्र माझ्या पाट्यांवर आहे," ते म्हणाले. "हिला मी कधी रंगवलं नाही. नीट बघून ठेवतोय."

सासूबाई पाण्यातून ओरडल्या, "काय म्हणतायत ते?" मी म्हटलं, "काही नाही, शर्ट मागतायत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं.

आम्ही परत आलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. ही वेळ सासऱ्यांची सगळ्यात वाईट. उजेड कमी झाला की त्यांना हातभर अंतरावरचंही दिसत नाही. सासूबाई जिना धावत चढल्या, कुलूप काढलं, आणि गॅलरीच्या दारापाशी जाऊन थबकल्या. बघायचा धीर होईना त्यांना. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"लावू नकोस," मागून सासरे म्हणाले. "जरा बाजूला व्हा दोघी. मला जाऊ दे आधी."

सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

सासरे दाराशी आले. वाकून हात खाली नेला. "पुदिना," म्हणाले, आणि पायरी जपून उतरले. डाव्या हातानं चाचपडलं, पातं चुरगळून नाकाशी नेलं. "गवती चहा." चार पावलं चालले. "आता खांब यायला हवा. म्हणजे मरवा..." आणि ते थांबले. हात परत परत फिरवला. हाताला कडकडीत वाळलेल्या काड्या लागत होत्या, त्यांचा आवाज आम्हाला इथपर्यंत ऐकू येत होता.

"मरवा गेला वाटतं," ते म्हणाले, आणि तरीही खांबाला न धडकता बरोबर बाजूनं वळले. लिंबाच्या पानाला हात लावला. पुढे मोगऱ्यावरून हात फिरवला. त्यावर दोन कळ्या आल्या होत्या, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. मग मागे न चाचपता, निवांत, ते आपल्या खुर्चीत बसले.

सासूबाईंनी माझा हात सोडला. म्हणाल्या, "तुम्हाला कधीपासून माहितेय?"

"जास्वंद गेली तेव्हापासून," सासरे म्हणाले. "पाट्या रंगवतो मी. कुठली वस्तू कुठे आणि का ठेवलीय, एवढं कळतं मला. चालून बघायला म्हणून तू मला कामावर पाठवायची घाई करायचीस ना रोज? मी पण तेच करत होतो. दुपारी जेवून तुम्ही दोघी दुकानात उतरलात की डोळे मिटून चालायचो."

मी दिवा लावला. मरव्याच्या बरणीत पाणी जसंच्या तसं होतं, आणि मातीत खोचलेली होती एक निळीशार, ओव्हरलॉक मारलेली, देखणी पट्टी. मी सासूबाईंकडे बघितलं.

"मरव्याची पट्टी निघताना तुटली, आणि सुती संपलं होतं," त्या पुटपुटल्या. "मला वाटलं, एक चालून जाईल. अहो, माझ्याच हातून गेला तो. आता नवीन लावायचा, मग तो वाढणार कधी, आणि तुमचे..."

"अगं, लाव की," सासरे म्हणाले. "वेळ आहे अजून."

सासूबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "बघतेस काय नुसती? मास्तरीणबाईंकडे जा. मरव्याची एक फांदी माग. आणि सांग, पाणी आम्हीच घालू."